निवृत्तीचा कोपरा

द्वारका, नाशिक
शनिवार, २४ सप्टेंबर १९८३

श्री. निवृत्ती सावळीराम गांगुर्डे, मुक्काम लासलगाव, यांस सलाउद्दीन इस्माईल मणियार याचा सलाम.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. मल्हारीच्या ट्रकचा क्रँकशाफ्ट कसारा घाटात तुटला, तो तुमच्या सदोष ग्राइंडिंगमुळे तुटला. हे सिद्ध झाले तर तुम्ही मागितलेला दाखला मी देणार नाही. सिद्ध झाले नाही तर देईन. अट मीच घातली आहे, तेव्हा ती मला बंधनकारक राहील.

तुमचे पत्र पोचले. सातपूरच्या कारखान्यात क्रँकशाफ्टच्या खात्यावर तुमची निवड झाली आहे, आधीच्या मालकाचा दाखला ऑक्टोबरअखेरपर्यंत हवा आहे, आणि तो न मिळाल्यास जागा दुसऱ्याला जाईल, हे वाचले. गेली दोन वर्षे तुम्ही बाजार समितीत कांद्याच्या गोण्या उचलता, कारण ग्राइंडिंगचे काम तुम्हाला कोणी देत नाही, हेही वाचले. ही दुसरी गोष्ट दुःखाची आहे, पुराव्याची नाही. ती बाजूला ठेवतो.

ज्याबद्दल आपल्यात वाद नाही ते आधी मांडतो. एप्रिल १९८१ मध्ये तो शाफ्ट आपल्या दुकानात तिसऱ्यांदा घासायला आला. तो तुम्ही घासला. त्याच दिवशी विंचूरला तुमच्या भाच्याचे जावळ होते, म्हणून तुम्ही दुपारच्या आत निघालात. सप्टेंबरात मल्हारी मुंबईहून लोखंडी सळया भरून परत येत होता. घाट चढताना शाफ्ट तुटला, इंजिन बंद पडले, गाडी मागे सरकू लागली. चाकाला दगड लावायला त्याने उडी मारली आणि उजवा पाय चाकाखाली गेला. मल्हारी तुमच्या बहिणीचा, लताबाईचा नवरा. तेव्हा हेतूबद्दल माझा आक्षेप नाही, कधीच नव्हता. आक्षेप हाताबद्दल आहे.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात तेव्हा प्रत्येक उमेदवाराला विचारतो तो प्रश्न मी तुम्हालाही विचारला होता. पिस्टन फक्त वर-खाली जातो, चाक फक्त गोल फिरते; मग वर-खालीचे गोल कोण करतो? इतर पोरे ‘इंजिन’ म्हणून मोकळी होत. तुम्ही म्हणालात, “चाचा, जात्याचा खुंटा! आईचा हात मागंपुढं जातो अन् जातं गोल फिरतं. मधी खुंटा नसता तर बाजरी तशीच राहिली असती.” त्या उत्तरावर मी तुम्हाला ठेवून घेतले. क्रँकशाफ्ट म्हणजे एका दांड्यावर ओळीने बसवलेले, मधल्या रेषेपासून बाजूला सरकवलेले असे खुंटेच. त्यांना आपण पिन म्हणतो, आणि पिनेला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या जाड भिंतींना गाल. पिन आणि गाल जिथे भेटतात तिथे गोलाई ठेवावी लागते. तिथे काटकोन राहिला की सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो, केसाएवढा तडा पडतो, आणि इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर तो आत सरकतो. हे मी तुम्हाला शिकवले, आणि तुम्ही पुढे इतरांना.

आता युक्तिवाद. जो शाफ्ट गोलाईपाशी तुटतो, त्याची गोलाई सदोष असते. मल्हारीचा शाफ्ट तिसऱ्या पिनेच्या गोलाईपाशी तुटला. म्हणून ती गोलाई सदोष होती, आणि ती तुमच्या हातची होती.

याला पुरवणी म्हणून आणखी एक. आपल्या दुकानाची रीत तुम्हाला ठाऊक आहे: ज्याने शाफ्ट घासला त्यानेच त्यावर मणियारांच्या ‘एम’चा ठसा मारायचा, म्हणजे काम कोणाचे हे लोखंडावरच राहते. त्या दिवशी तुम्ही ठसा न मारताच गेलात. तो मला मारावा लागला. घाईचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

तुटलेला तुकडा दुकानाच्या दारात टांगलेला आहे. नव्या पोरांना तो दाखवतो. ती त्याला ‘निवृत्तीचा कोपरा’ म्हणतात. हे नाव मी दिलेले नाही. मी ते थांबवलेलेही नाही.

तुम्हाला उत्तर द्यायचे असल्यास मुद्द्याला धरून द्यावे.

सलाउद्दीन मणियार


द्वारका, नाशिक
गुरुवार, ६ ऑक्टोबर १९८३

श्री. निवृत्ती गांगुर्डे यांस,

तुमचे उत्तर मिळाले. मुद्द्याला धरून द्या असे लिहिले होते, तुम्ही सुरुवात अशी केली आहे: “चाचा, हे तुम्ही-तुम्ही काय लावलंय? फौजदार बोलतोय असं वाटतं.” तक्रार नोंदवून घेतली. वादी आणि प्रतिवादी यांच्यात एकेरी बोलण्याची रीत नाही.

पुढे तुम्ही विचारता, “कोपरा कोपरा म्हनताय, तर त्याला पानं लावून बघितली का कधी? का नुसताच टांगला?”

प्रश्न रास्त आहे. गोलाई मापायच्या रेडियस गेजची पाने मी लावली नव्हती. तुकडा आला तेव्हा मल्हारी दवाखान्यात होता, दारात माणसे जमली होती, आणि तुटलेली जागा डोळ्यांना दिसत होती. काल तुकडा खाली उतरवला आणि पाने लावली. पिनेच्या शाबूत बाजूची गोलाई जितकी हवी तितकीच आहे. पान आणि लोखंड यांच्यामधून उजेड जात नाही. तुटलेल्या बाजूची अर्धी गोलाई शिल्लक आहे. तीही बरोबर आहे. यामुळे माझा दावा लंगडा झाला आहे. पडलेला नाही, कारण जी अर्धी गोलाई दुसऱ्या तुकड्याबरोबर भंगारात गेली तिच्याबद्दल आज कोणीच काही सांगू शकत नाही.

तुमच्या दाव्याकडे वळतो. तुम्ही लिहिता, “इंजिनाचा ब्लॉकच वाकडा हाय. पिंपळगावच्या मिस्त्रीनं बसवला, त्यानं लाईन बघितलीच नाय. शाफ्ट बिचारा रोज कंबर मोडून फिरत व्हता.” वाक्य चांगले आहे. परंतु वाकड्या ओळीत फिरलेल्या शाफ्टची बेअरिंगे एका कडेला जास्त झिजतात, आणि ही झीज एका बेअरिंगवर उजवीकडे तर पुढच्यावर डावीकडे दिसते. त्या इंजिनाची बेअरिंगे माझ्या कपाटात आहेत. ती काढून पाहिली. झीज सगळीकडे सारखी आहे. तेलही बंद पडलेले नव्हते. तसे असते तर पिनेवर निळी झाक आली असती. म्हणजे पिंपळगावचा मिस्त्री निर्दोष आहे, आणि ज्या माणसाला तुम्ही पाहिलेही नाही त्याच्याकडे तुम्ही बोट दाखवलेत.

हे वाक्य मी अमिनाला वाचून दाखवले. तुमच्या चाचीने लसूण सोलायचे न थांबवता शेरा दिला: “दोघं एकाच मातीचे. एकाला टांगायला लोखंड मिळालं, दुसऱ्याला पिंपळगावचा मिस्त्री.” हा शेरा पुराव्यात बसत नाही. तरी कळवतो.

आता उरतो तो तुटलेला पृष्ठभाग. लोखंड कुठून तुटायला लागले हे तो स्वतः सांगतो, पण त्यावर दोन वर्षांची धूळ, तेल आणि खंडेनवमीची हळद बसली आहे. मशीनबरोबर पोरे त्याचीही पूजा करतात. का, ते मी त्यांना विचारलेले नाही. पुढच्या आठवड्यात खंडेनवमीच आहे. त्या दिवशी तो धुईन.

सलाउद्दीन मणियार


द्वारका, नाशिक
सोमवार, १७ ऑक्टोबर १९८३

श्री. निवृत्ती यांस,

खंडेनवमीच्या सकाळी सगळी मशिने धुऊन झाली. रंगनाथ सध्या तुमच्या मशीनवर आहे. तो हळदीची वाटी घेऊन दारातल्या तुकड्याकडे निघाला. मी म्हटले, थांब, आधी मी धुतो. तो म्हणाला, “चाचा, तुम्ही? मग आज देवालाच सुट्टी द्यावी म्हनतो.” पोरे हसली. मी रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन उन्हात बसलो.

तुम्ही दिवसभर कांदे पाहता, म्हणून तुम्हाला कळेल असे उदाहरण देतो. कांदा आडवा कापला की आत गोल रेषा दिसतात, मधली सर्वांत लहान आणि बाहेरची सर्वांत मोठी. हळूहळू तडकत गेलेल्या लोखंडाच्या तोंडावर तशाच रेषा उमटतात. तडा थोडा सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. दर वेळी एक रेष मागे ठेवतो. शेवटी उरलेले लोखंड एका झटक्यात तुटते, तो भाग खडबडीत राहतो. रेषा लहान लहान होत ज्या जागी मिटतात, तिथे तड्याचा जन्म झालेला असतो.

मी त्या रेषा मागे मागे वाचत गेलो. त्या तुमच्या गोलाईत मिटत नाहीत. त्या गोलाईच्या बाहेर, गालावर, एका खुणेपाशी मिटतात. त्या खुणेचा विचार मी करतो आहे.

तेव्हा माझा दावा पडला. चूक युक्तिवादाच्या आकारात नव्हती, पहिल्या वाक्यात होती. जो शाफ्ट गोलाईपाशी तुटतो त्याची गोलाई सदोष असते, हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकले आणि बोललो होतो की ते तपासायचे राहून गेले. मालेगावच्या मदरशात आम्हाला मंतिक, म्हणजे तर्कशास्त्र, शिकवणारे मौलवीसाहेब म्हणत, जो निष्कर्ष तुम्हाला सोयीचा आहे त्याच्या पायाचा दगड दोनदा हलवून पाहा. मी एकदाही हलवला नाही.

अटीप्रमाणे दाखला सोबत जोडला आहे. त्यात लिहिले आहे की श्री. गांगुर्डे यांनी माझ्याकडे क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगचे काम केले, आणि त्यांच्या कामात कोणताही दोष सिद्ध झालेला नाही.

तुकडा मी पुन्हा दारात टांगलेला नाही.

सलाउद्दीन मणियार


द्वारका, नाशिक
शनिवार, २९ ऑक्टोबर १९८३

प्रिय निवृत्ती,

तुझी तक्रार मान्य करून एकेरीवर येतो. वाद संपला आहे.

तुझे कार्ड मिळाले. कारखान्याच्या साहेबाने माझा दाखला परत केला आणि विचारले की दोष सिद्ध झाला नाही म्हणजे संशय आहे का. तू लिहितोस, “मी काय सांगू त्याला? अन् चाचा, त्याचं एक सोडा. लताला काय दाखवू? ती म्हनती, सिद्ध नाय झालं म्हंजी चाचांनी दया केली.”

साहेबाचा प्रश्न बरोबर होता, आणि लताचे अनुमानही बरोबर होते. अर्धवट वाक्यावरून शहाण्या माणसाने दुसरे काय अनुमान काढावे?

म्हणून आता पूर्ण लिहितो. ज्या खुणेपाशी रेषा मिटतात ती खूण म्हणजे माझा ठसा आहे. ‘एम’चा डावा पाय. त्याच्या टोकाशी सगळ्यात लहान रेष आहे, इतकी लहान की भिंग लावल्याशिवाय दिसत नाही.

ठसा नेहमी शाफ्टच्या मागच्या टोकाच्या चकतीच्या, म्हणजे फ्लँजच्या कडेवर मारायचा असतो, जिथे लोखंडाला फारसे सोसावे लागत नाही. पण तो शाफ्ट तिसऱ्यांदा आला होता. कडेवर आधीचे दोन ठसे होते, आणि तिसरा मागच्या जड चाकाच्या, फ्लायव्हीलच्या आड गेला असता. मला तो दिसायला हवा होता. उद्या कोणत्याही मिस्त्रीने इंजिनाचा खालचा चेंबर उतरवला की त्याच्या नजरेसमोर मणियारांचे अक्षर यावे, असे मला वाटले. म्हणून मी तो तिसऱ्या पिनेशेजारी, गोलाईच्या अगदी काठावर, गालावर मारला. हातोडा जोरात मारला, अक्षर खोल उठावे म्हणून. जिथे काटकोन राहू नये म्हणून तू गोलाई राखलीस, तिथेच मी धारदार कोपऱ्यांचे एक अक्षर खोदले. तू जावळाला गेला नसतास तर ठसा तू मारला असतास, आणि तू तो रीतीप्रमाणे फ्लँजवरच मारला असतास. तुझ्या ज्या निघून जाण्याला मी पुरावा म्हटले, त्याने सिद्ध होते ते हे.

एका उदाहरणावर नियम उभा राहत नाही, म्हणून दुसरे शोधले. एप्रिल १९८१च्या त्याच आठवड्यात विंचूरच्या गोटीरामच्या ट्रकचा शाफ्ट तिसऱ्या ग्राइंडिंगला आला होता. तो मीच घासला, आणि त्यावरही ठसा त्याच जागी मारला होता. त्याची गाडी कांद्याच्या हंगामापुरतीच चालते, म्हणून शाफ्ट अजून तुटला नव्हता आणि ती रस्त्यावर होती. खुणेचा अर्थ ज्या दिवशी कळला त्याच दिवशी मी विंचूरला जायला हवे होते. गेलो काल, तुझे कार्ड आल्यावर. मधल्या दिवसांत गोटीराम तीच गाडी घेऊन दोनदा घाट उतरून आला. याचा हिशेब शेवटी देतो.

गोटीराम म्हणाला, “चाचा, गाडी खोकत नाय, धूर सोडत नाय, अन् तुम्ही म्हनताय पोट फाडून दाखव?” मी म्हटले, फाडून दाखव. “अन् काही निघालं नाय तर?” तर गल्लीत सगळ्यांसमोर मला वेडा म्हण. “ते आत्ताच म्हनलं असतं, पन तुम्ही वडिलांच्या वयाचे!” असे बडबडत तो गाडीखाली शिरला. चेंबर उतरवला. गाल पुसून मी त्याला रॉकेल लावले, कोरडा केला, खडूची पूड चोळली आणि हातोडीने हलकेच ठोकले. तड्यात लपलेले रॉकेल पांढऱ्या पुडीवर काळी रेघ होऊन बाहेर आले. रेघ ‘एम’च्या डाव्या पायापासून निघाली होती. गोटीरामने बोटाने ती रेघ पुसून पाहिली. मग म्हणाला, “उद्या नाशिकला माल न्यायचा व्हता. पोराला बरोबर घेनार व्हतो.”

तिथून मी लताच्या घरी गेलो. मल्हारी ओट्यावर कुबडी आडवी ठेवून बसला होता. दोघांना दोन्ही गोष्टी दाखवल्या, दारातला तुकडा आणि खडूने माखलेला माझा हात. मी बोलत असताना लता उभीच राहिली. मग तिने विचारले, “मंग माझ्या भावाला मी दोन दिवाळ्या दार उघडलं नाय, ते कुनामुळं?” मी म्हणालो, माझ्यामुळे. मल्हारी म्हणाला, “चाचा, पाय गेला तो गेला. पन मी त्याला ज्या शिव्या घातल्या त्या परत कशा घ्यायच्या, ते सांगा. तुम्ही लय शिकलेले.” खडू लावून तडे तपासायचे काम बसून करता येते. ते मी त्याला देऊ केले आहे. त्याने हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही.

मी निघालो तेव्हा लता फाटकापर्यंत आली. तिचे शब्द जसेच्या तसे कळवतो: “त्याला म्हनावं, भाऊबीजेला ये. जावळाला आला व्हता तसा दुपारच्या आत ये. उशिरा आला तर ओवाळायची नाय.”

आज सकाळी मी सातपूरला जाऊन नवा दाखला साहेबांच्या हातात दिला. त्यात लिहिले आहे की मल्हारीचा शाफ्ट तुझ्या कामामुळे नव्हे, मालकाने चुकीच्या जागी मारलेल्या ठशामुळे तुटला. आणि तू घासलेल्या कोणत्याही शाफ्टची गोलाई मी आजही डोळे मिटून मान्य करीन. साहेब म्हणाले, असा दाखला त्यांनी आजवर पाहिलेला नाही. मंगळवारी, एक तारखेला सकाळी कारखान्याच्या फाटकावर हजर राहा, असा त्यांचा निरोप आहे. माझ्याकडे परत ये असे मी म्हणणार नाही. तो अधिकार मी गमावला आहे. अमिनाने मात्र विचारले आहे की तर्क संपला असेल तर पोरगा जेवायला कधी येतो. हा प्रश्न तिचा आहे, उत्तर तिला दे.

आता हिशेब. गालावरचा एक ठसा शाफ्ट तोडू शकतो हे मला माहीत नव्हते. ते अज्ञान होते. न तपासता तुझ्यावर आरोप ठेवला आणि तुझ्या नावाने लोखंड दारात टांगले. तो अन्याय होता, त्याची माफी मी तुझी, लताची आणि मल्हारीची मागितली आहे, आणि ती द्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचे. ही दोन्ही मी चुकीच्या समजुतीने केली. जाणूनबुजून केलेली गोष्ट एकच आहे, आणि तेवढ्याच गोष्टीला मी गुन्हा हा शब्द वापरतो. ती खाली वेगळी लिहून देतो. हा कागद तू कोणालाही दाखवावास.

लिहून देतो की, खंडेनवमीच्या दिवशी भिंगातून मला ‘एम’ स्पष्ट दिसला होता. तो कोणाचा आणि कोणी मारला, हे त्याच क्षणी मला कळले होते. तरीही १७ ऑक्टोबरच्या पत्रात मी ‘एका खुणेपाशी’ असे लिहिले, आणि त्या दोन शब्दांच्या आड अकरा दिवस बसून राहिलो. तेवढ्या दिवसांत एका बहिणीचे दार बंद राहिले आणि एक गाडी घाटात चालत राहिली. ज्याने काम केले त्याचे नाव कामावर असावे, ही रीत माझ्या दुकानात मीच घातली होती. ठसा मारायच्या हत्याराचे अक्षर मी काल ग्राइंडिंगच्या दगडावर घासून सपाट केले आहे. म्हणून त्या खुणेचे नाव इथे हाताने लिहितो.

सलाउद्दीन इस्माईल मणियार